आधी हळद्या जातो

"बघा हं आता," आत्या म्हणाल्या आणि दिवाणावर बसलेल्या रेवतीच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी स्टीलच्या थाळीवर पळी हाणली.

रेवती वळली. आजीकडे बघून हसली.

"काय? येतं की नाही ऐकू?" आत्यांनी थाळी खाली घेतली. "आणि शेजारची निर्मला म्हणते, पोरगी हाकेला बघत नाही. तिच्या हाकेला तिचा नवरा तरी बघतो का! केतकी, सांग गं ह्यांना. म्हणावं, पोरगी हुशार आहे, नुसती बोलायला आळशी. हिचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला."

'ह्यांना' म्हणजे तांग शिफूंना. शिफू म्हणजे उस्ताद, मोठा मिस्त्री. चाकणच्या ज्या कारखान्यात मी चिनी भाषेची दुभाषी होते, तिथे गाड्यांचे पत्रे दाबून दरवाजे, बॉनेट वगैरे करायचे. दोन नवे प्रेस बसवायला चीनहून हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तीन महिन्यांसाठी एकटाच आला होता. कँटीनचं तिखट जेवण त्याच्या घशाखाली उतरत नाही हे मी घरी सांगितलं, तेव्हा आत्यांनीच आग्रह धरला होता. होळीला घेऊन ये, म्हणाल्या, पुरणपोळीत काय तिखट असतंय? सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्यात तशी पद्धत आहे.

मी तांग शिफूंना सांगितलं. हुशार आहे, बोलायला आळशी आहे, बापही उशिरा बोलला.

ते हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा एकदा वाजवायला सांग."

मी सांगितलं. आत्यांनी उत्साहाने पुन्हा पळी हाणली. एकोणीस महिन्यांची माझी मुलगी पुन्हा वळली, पुन्हा हसली. या वेळी तांग शिफू रेवतीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाली कुठेतरी होती.

"आता लांब जाऊन वाजवायला सांग. दारापाशी."

मी ते सांगितलं नाही. म्हटलं, "त्यांना पोळ्या करायच्यात, शिफू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते नेहमी बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच टक लावून बघत. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग यायचा. बैठकीत माझ्या बरोबर समोरची खुर्ची मिळाल्याशिवाय ते बसायचे नाहीत. त्याचं कारण मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं.

आमचं घर राजगुरुनगरला, गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये. मागे अजून कोणाचं तरी आंब्याचं रान शिल्लक आहे. हात धुवायला म्हणून ते मागच्या नळावर गेले आणि तिथेच उभे राहिले. मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या. वर तारांवरून पाकोळ्या नुसत्या झेपा घेत होत्या, खाली येऊन गवताला शिवून पुन्हा वर. त्यांनी ओल्या हातांनीच वर दाखवलं आणि चार अक्षरं म्हणाले, "यिंग क येन वू."

मला ती येत होती. पुण्यात तीन वर्षं चिनी शिकताना आमच्या बाईंनी असे चार-चार अक्षरांचे दोनशे वाक्प्रचार पाठ करून घेतले होते. हळद्या गातो, पाकोळी नाचते. वसंत ऋतू भरात आला, सगळीकडे आबादीआबाद आहे, असं म्हणायचं असलं की तिकडचे लोक हे म्हणतात. पाठ्यपुस्तकातलं वाक्य कोणी खऱ्या झाडाखाली म्हणावं याचं मला अप्रूप वाटलं, कारण नेमका तेव्हाच आंब्यात हळद्या बोलत होता. ती त्याची पाण्यातून काढल्यासारखी गोल शीळ.

"ऐकलंत? हळद्याच आहे," मी म्हटलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग हसले. "तू ऐक. माझ्याकडे पाकोळ्याच उरल्यात."

आणि मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षं प्रेसच्या कानठळ्यांत काढली. त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला बाकीचे बायकी म्हणायचे. आधी पाखरं गेली, मग टेलिफोनची घंटी, मग लहान मुलांचं बोलणं. आता प्रेसचा दणका ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही, तोंड वाचून काम भागतं. "आमच्याकडच्या शेडमध्ये म्हाताऱ्या मिस्त्र्यांना असंच म्हणतात," ते म्हणाले, "आधी हळद्या जातो, पाकोळी राहते. कारखान्यात कोणाला सांगू नकोस. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय."

मी मान डोलावली होती. दुभाष्याच्या पोटात अशा पुष्कळ गोष्टी असतात.

आता ते तसेच माझ्या तोंडाकडे बघत, हळू आवाजात बोलायला लागले. एकसारखं, न थांबता.

"हिला ऐकू येत नाही. आजीचा गुडघा बघ, दिवाणाच्या फळीला टेकलाय. ती थाळी मारते तेव्हा तिचं सगळं अंग हलतं, फळी हलते. पोरगी फळीला वळते. आणि वळल्यावर थाळीकडे बघत नाही, आजीच्या तोंडाकडे बघते. आपण बरोबर केलं का, ते बघते. अकरा वर्षं मी हेच करतोय, मला दुसरा असा माणूस लगेच कळतो. ही अजून लहान आहे. डॉक्टरकडे ने. वेळ घालवू नकोस."

एवढं बोलून ते थांबले. दुभाष्यासाठी थांबतात तसे.

"काय म्हणतायत?" आत्यांनी विचारलं. हातात थाळी तशीच. "एवढं काय बोलले रेवूबद्दल?"

चार वर्षांच्या नोकरीत मी कधी एक शब्द गाळला नव्हता की घातला नव्हता. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आपोआप आलं.

"म्हणतायत, त्यांच्याकडं वसंत ऋतूला म्हणतात, हळद्या गातो, पाकोळी नाचते. तुमच्या घरात शिरल्यावर तसंच वाटलं, म्हणाले. लेकरू आहे, झाड आहे, सण आहे. आबादीआबाद आहे म्हणाले."

आत्यांनी हातातली थाळी कडेला ठेवली. मग म्हणाल्या, "अगंबाई! किती छान बोलतो गं माणूस." आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

जाताना गेटपाशी तांग शिफू म्हणाले, "तू सांगितलं नाहीस. तुझ्या सासूचं तोंड हसत होतं."

"आज सण आहे," मी म्हटलं. "उद्या सांगते."

मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. कपाटात साड्यांखाली माझी एक वही होती. रेवती आठ महिन्यांची होईपर्यंत बा-बा, ग्गा-ग्गा असं सारखं चालायचं, मग ते हळूहळू आटलं, त्या तारखेपासून मी लिहीत होते. कुकरच्या शिट्टीला वळली नाही. दार आपटलं तेव्हा दचकली, पण वाराही आला होता. झोपेत टाळी वाजवली, काही नाही. टीव्ही बंद केला, लगेच बघितलं, पण उजेड गेला म्हणून असेल. जेवताना आम्ही तिला हा घास चिऊचा, हा घास काऊचा करायचो, तर मी बोट दाखवलं तरच ती खिडकीकडे बघायची. गल्लीतल्या पोरांचा पहिला शब्द काऊ. हिचा तोही नाही. गावातल्या मुलांच्या डॉक्टरांना एकदा विचारलं, तर म्हणाले, दोन वर्षांपर्यंत वाट बघू, तुम्ही शिकलेल्या आया फार वाचता.

आणि वहीच्या पानापानात "थाळी: वळली" असं लिहिलेलं होतं. तेवढ्या एका ओळीवर मी रात्रीची झोपत होते. तांग शिफूंनी नेमकी ती ओळ खोडली.

पण खरं कारण वहीतही लिहिलेलं नव्हतं. रेवती पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत मी प्रेस शॉपमध्ये जात होते. कानात बोळे घालून, पण पोटाला कसले बोळे घालणार? दणका बसला की आत ती हलायची. मी घरी येऊन कौतुकाने सांगायचे, आज तिने प्रेसबरोबर ताल धरला. आत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "नको जाऊस गं त्या धडाडधूममध्ये. पगार काय पळून चाललाय?" मी म्हटलं होतं, आत्या, असं काही नसतं. सायन्सला नव्हते मी, पण आवाज सायन्सवालीसारखा काढला होता.

तपासणी झाली असती आणि रेवतीला ऐकू येत नाही हे कागदावर आलं असतं, तर त्याच्या पुढचा प्रश्न 'कशामुळं?' असा आला असता. त्याचं उत्तर मी मनात देऊन ठेवलं होतं.

होळी झाल्यावर रोज सकाळी प्रेसपाशी उभं राहिलं की तांग शिफू विचारायचे, "सांगितलंस?" पहिल्या दिवशी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी नवरा बाहेरगावी आहे म्हटलं. ते खरं होतं, सुजित तेव्हा रत्नागिरीकडे रस्त्याच्या कामावर होता, पंधरा दिवसांनी यायचा. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हो, सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय." म्हणजे आता मी दोन्ही भाषांत खोटं बोलत होते.

त्या रात्री सुजितला फोन लावला.

"रेवू अजून काही बोलत नाही," मी म्हटलं.

"आई काय म्हणते?"

"आत्या म्हणतात, थाळी वाजवली की वळते."

"मग वळते ना?"

"हो."

"मग झालं तर. तू उगाच जीव काढतेस स्वतःचा. ऐक, पाडव्याला मी येतोय. गाठी आणून ठेव."

आणि घरात आत्यांनी ते वाक्य उचललं होतं. निर्मलावहिनींना सांगून झालं, भाजीवालीला सांगून झालं, की चीनचा एवढा मोठा साहेब आला आणि आमच्या घराला असं असं म्हणून गेला. सकाळी रेवतीला आंघोळ घालताना त्यांनी त्याचं गाणंच केलं. हळद्या गातो गं बाई, पाकोळी नाचते गं बाई. पाण्याचा तांब्या तिच्या डोक्यावरून ओतताना एका हाताने पाकोळीसारखा झोका द्यायच्या. रेवती हाताकडे बघून खदखदून हसायची. गाण्याच्या पहिल्या ओळीला ती नुसती बघत राही, दुसऱ्या ओळीला हात हलला की हसे. मी न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी असायचे. रोज. मी केलेल्या खोट्यावर माझी मुलगी आंघोळ करत होती.

एकदा मी म्हटलं, "आत्या, ते गाणं नका ना म्हणू."

"का गं? चांगलं आहे की."

"असंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तांब्या भरला. गाणं म्हणाल्या नाहीत. हात मात्र तसाच हलवला.

पाडव्याच्या दोन दिवस आधी कारखान्यात शेवटची बैठक होती. दोन्ही प्रेस चालू झाले होते, चाचण्या झाल्या होत्या, तांग शिफूंची सही झाली की यंत्रं कारखान्याच्या ताब्यात येणार होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. समोर प्लँट मॅनेजर बिडकर साहेब, त्यांच्या बाजूला मेंटेनन्सचे दोघं. चहा आला होता. कागद पुढे सरकवले गेले.

तांग शिफूंनी पेन उचललं आणि मला विचारलं, "कुठल्या डॉक्टरची वेळ घेतलीस?"

मी समोरचे कागद सारखे करायला लागले.

"नाव सांग."

मला एकही नाव सुचेना. जगात एवढे डॉक्टर.

त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. बिडकर साहेबांकडे वळले आणि बोलले. चार-पाच वाक्यं, मोजून मापून, यंत्राबद्दल बोलायचे तशीच. मग थांबले.

"काय म्हणतायत?" बिडकर साहेब पुढे झुकले. "काही प्रॉब्लेम आहे का? मॅडम?"

मी चिनीतच म्हटलं, "शिफू, हे मला इथं सांगता येणार नाही."

"तू दुभाषी आहेस," ते म्हणाले. "मी बोललोय. ते सांग."

आमच्या कामाचा एक नियम आहे, पहिल्या दिवशी शिकवतात. दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो. समोरचा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतात की' असं लावून बाजूला व्हायचं नाही. मला तो नियम आवडायचा, कारण त्याच्या आड बसता यायचं.

"मी सही करीन," मी मराठीत म्हटलं, "पण आधी माझं एक ऐका. माझ्या दुभाषीबाईंच्या मुलीला ऐकू येत नाही. ती लहान आहे, अजून वेळ आहे. उद्या त्यांना सुट्टी द्या. त्या स्वतःहून मागणार नाहीत."

मेंटेनन्सच्या एकाने चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला होता.

"कोणाच्या मुलीला?" बिडकर साहेबांना खरंच उमगलं नव्हतं.

"माझ्या," मी म्हटलं. "माझ्या मुलीला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मराठीत बोलले. वहीतही मी ते कधी लिहिलं नव्हतं. बिडकर साहेब काहीतरी म्हणत होते, अहो मग आधी नाही का सांगायचं, गाडी देतो, माझा मेव्हणा पुण्यात हॉस्पिटलात आहे, आत्ता फोन लावतो. तांग शिफूंनी खाली बघून सही केली, तिन्ही कागदांवर. मग खिशातून रुमाल काढून पेन पुसलं आणि बिडकर साहेबांना परत दिलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांना माझं तोंड वाचायचं नव्हतं, असं मला वाटतं.

घरी येताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. आत्या म्हणतील, थाळीला वळते. मी गुडघ्याचं सांगेन. त्या म्हणतील, माझी चूक काढतेस? मी डॉक्टरांचं सांगेन. त्या म्हणतील, सुजित आल्यावर बघू. मी म्हणेन, एक दिवसही नको. असं राजगुरुनगर येईपर्यंत आमचं दोघींचं पूर्ण भांडण माझ्या डोक्यात होऊन गेलं होतं.

आत्या अंगणात गुढीची काठी धुवत होत्या. रेवती बाजूला ओल्या मातीत बसली होती. मी चप्पलही काढली नाही.

"आत्या, उद्या रेवूला पुण्याला न्यायचंय. कान तपासायला. मोठ्या हॉस्पिटलात."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. हात पदराला पुसले.

"किती वाजता निघायचं?"

"साडेसातला गाडी येईल."

"मग डबा सहालाच करते," म्हणाल्या आणि रेवतीला उचलून आत गेल्या.

मला वाटलं होतं तसलं काहीच झालं नाही. रात्रभर मी त्याच्यावरच विचार करत राहिले. त्या रागावल्या असाव्यात असंच मला वाटलं. सुजितला फोन त्यांनीच लावला. मला एवढंच ऐकू आलं, "तू ये पाडव्याला. आम्ही दोघी जाऊन येतो. नाही, विचारू नको तिला आत्ता काही."

हॉस्पिटलात रेवतीला झोपेचं औषध पाजलं. आत्यांच्या मांडीवर थोपटून थोपटून ती झोपली. मग तिच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडले आणि पडद्यावर रेघा यायला लागल्या. तपासणी करणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, सावंत म्हणून. आम्हाला दोघींना कोपऱ्यात स्टुलांवर बसवलं होतं. बाई बटण फिरवत होत्या, आवाज वाढवत होत्या, ते आम्हाला कळत होतं. पडद्यावरच्या रेघा मात्र सपाट होत्या, तशाच सरकत होत्या. रेवती शांत झोपली होती. पाऊण तास.

"दोन्ही कानांना खूपच कमी आहे," सावंत बाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी खुर्ची आमच्याजवळ ओढली. "जवळजवळ नाहीच म्हणा. आधी यंत्रं लावून बघू, मग ऑपरेशनचा विचार करू. घाबरू नका. वय अजून हातात आहे. चार-सहा महिने आधी आला असतात तर जास्त बरं झालं असतं, पण पुष्कळ लोक चौथ्या वर्षी येतात."

"कशामुळं झालं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कोणा दुसरीचा वाटला. "मी प्रेस शॉपमध्ये काम करते. पोटात होती तेव्हासुद्धा. मोठा आवाज असतो."

"असं एका गोष्टीवर बोट नाही ठेवता येत हो. पुष्कळांचं कारण कधीच सापडत नाही. रक्ताची तपासणी सांगतील, ती करा." त्यांनी फाइल उघडली, एक छापील फॉर्म काढला. "एवढं भरून घेते. मुलीला ऐकू येत नाही हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? आणि कधी?"

मी तोंड उघडलं. होळीला, म्हणणार होते. एका पाहुण्याच्या.

"माझ्या," आत्या म्हणाल्या. "दिवाळीत."

सावंत बाईंनी लिहायला सुरुवात केली. मी आत्यांकडे वळले. त्या झोपलेल्या रेवतीकडे बघत होत्या.

"लक्ष्मीपूजनाच्या रात्री," त्या बाईंना सांगू लागल्या. "दारातच पोरांनी मोठा बॉम्ब लावला. माझ्या कानात अर्धा तास शिट्टी वाजत होती. ही माझ्या मांडीवर झोपलेली. पापणी हलली नाही."

"मग घरात सांगितलं नाही?"

"काय सांगू? माझा भाऊ तसाच होता. नामदेव. मुका नाम्याच म्हणायचे त्याला. सातव्या वर्षी जत्रेत हरवला, नाव सांगता येईना, चार दिवसांनी मंचरला सापडला एका देवळात. मला वाटलं, हे माझ्याकडनंच आलं पोरीत. सुनेला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"आत्या, पण थाळी," मी म्हटलं. "तुम्ही तर रोज थाळी वाजवून..."

"पहिल्यांदा गुडघा चुकून लागला फळीला. वळली. मग माझ्या ध्यानात आलं, गुडघा लावला की वळते, नाही लावला की नाही." त्या अजूनही माझ्याकडे बघत नव्हत्या. "मग लावायला लागले."

"कोणाला दाखवायला?"

"तुला. तू रोज वहीत लिहीत बसायचीस. धुतलेल्या साड्या मीच ठेवते ना कपाटात, वाचली मी. सगळी नाही-नाही-नाही. म्हटलं, एक तरी ओळ बरी लिहू दे बिचारीला, झोपेल तरी."

सावंत बाई पेन धरून थांबल्या होत्या.

"आणि तुझा तो साहेब," आत्या म्हणाल्या, "तो माझ्या गुडघ्याकडं बघत होता. माणूस गुडघ्याकडं बघून पाखरांचं बोलत नाही. तू हळद्याचं सांगितलंस तेव्हाच मला कळलं, तुलाही कळलंय. जिवात जीव आला माझ्या. म्हटलं, आता तू बोलशील."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू का नाही बोललीस?"

बाहेर कोणीतरी नंबर पुकारला. दिव्याच्या उजेडात रेवतीच्या कानामागे तार काढलेल्या जागी लाल चट्टा उठला होता. आत्यांनी तो अंगठ्याने हळूच चोळला. मग तोच हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला, आणि ठेवूनच दिला.

"प्रेसबिसचं काही नसतं," म्हणाल्या. "येडी आहेस का?"

"आणि तुमच्याकडनं काही आलेलं नाही," मी म्हटलं. दोघींनाही खात्री नव्हती. पण आम्ही ते एकमेकींना सांगितलं.

सावंत बाई खाकरल्या. "पुढचा रकाना आहे. लक्षात आल्यावर तपासणीला आणायला उशीर का झाला? पाच महिने होतात दिवाळीपासून. काय लिहू?"

मी दोन भाषांतून पोट भरणारी बाई. तरी उत्तरासाठी मी आत्यांकडे वळले.

"लिहा," आत्या म्हणाल्या, "घरात दोन शहाण्या बाया होत्या."

सावंत बाईंनी आमच्याकडे बघितलं. पेन कागदाला टेकवलं, थोडं थांबल्या, आणि काही न लिहिता पान उलटलं. रेवती आता सातवीत आहे. तिची फाइल एवढी जाड झालीय की दोरीनं बांधावी लागते. तो रकाना अजून कोरा आहे.